पत्रांतून शिकलेले ईश्वरशास्त्र

दूर राहून विद्या मिळवण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे एकलव्याचे नाव हटकून घेतले जाते. अरण्यात मातीचा द्रोणाचार्य उभा करून त्याच्यापुढे धनुर्विद्या शिकणारा तो निषादपुत्र म्हणजे दूरशिक्षणाचा आद्य विद्यार्थी, असे समारंभातले वक्ते सांगतात आणि टाळ्या घेतात. मला ही उपमा कधीच पटलेली नाही. एकलव्यापाशी गुरूची मूर्ती होती, गुरूचे उत्तर नव्हते. बाण चुकला तर मूर्ती काही बोलत नव्हती. खऱ्या दूरशिक्षणात मूर्तीवाचून अडत नाही. उत्तरावाचून मात्र सारेच अडते. विद्यार्थ्याने आपली शंका लिहून धाडावी, ती यथावकाश गुरूला पोचावी, आणि तिकडून समासात दोन ओळींचा शेरा मारून कागद परत यावा, एवढ्या देवाणघेवाणीवर ही विद्या चालते.

हा विचार माझ्या डोक्यात आला तो एका अगदी अनपेक्षित दिशेने. मी जन्मभर इतिहासाची मास्तरकी केली. वसईकडची माझी एक जुनी विद्यार्थिनी, स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका, काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका संस्थेत नाव नोंदवून घरबसल्या कॅथलिक ईश्वरशास्त्राची एम. ए. करू लागली. इंग्रजीत ज्याला थिऑलॉजी म्हणतात तेच हे शास्त्र. बायबलचा अर्थ, श्रद्धेचे सिद्धान्त, नीतिविचार, उपासना आणि चर्चचा इतिहास अशी त्याची अंगे. इतिहासाची प्रकरणे लिहून झाली की ती मला वाचायला धाडी. मी ख्रिस्ती नाही, आणि त्या शास्त्रात मला गतीही नाही. पण ती प्रकरणे वाचता वाचता मी जुन्या ग्रंथांत असा काही शिरलो की बाहेर यायला दोन पावसाळे गेले. त्या वाचनातून जे हाती लागले ते यंदाच्या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय जड वाटेल खरा. पण यात पोपपेक्षा पोस्टमन अधिक आहे, आणि पंडितांपेक्षा घरातल्या बायका अधिक आहेत.

आता गंमत पाहा. हे शास्त्र टपालाने शिकवायचे म्हणजे काहीतरी आधुनिक खूळ, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः हे शास्त्र जन्मले तेच पत्रांत. ख्रिस्ती धर्मातले सर्वांत जुने लिखाण म्हणजे चार शुभवर्तमाने नव्हेत. त्यांच्याही आधी पौलाची पत्रे लिहिली गेली. त्यांतले सर्वांत सखोल पत्र रोमच्या मंडळीला लिहिलेले आहे. काळ सुमारे इ. स. ५७. पौलाने तोपर्यंत रोम पाहिलेलेही नव्हते. ज्यांचा वर्ग कधी घेतला नाही अशा लोकांना त्याने श्रद्धा, पाप आणि कृपा यांचा सगळा विचार एका पत्रात लिहून पाठवला. त्या पत्राच्या अखेरीस तो फीबी नावाच्या एका बाईची शिफारस करतो. ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातली. तिचा चांगला आदरसत्कार करा, असे तो रोमकरांना सांगतो. पत्र घेऊन गेली ती हीच, असे अभ्यासक बहुधा मानतात. त्या काळी पत्र नेणाऱ्याने ते नुसते हाती देऊन भागत नसे. ऐकणाऱ्यांनी शंका विचारल्या तर त्यांचे निरसनही त्यानेच करावे लागे. तेव्हा या शास्त्राचा पहिला मोठा धडा टपालाने गेला, आणि टपाल नेणारी एक स्त्री होती.

पुढे तीनशे वर्षांनी याच रोममध्ये एक विलक्षण पाठशाळा भरली. आव्हेंटाइन टेकडीवर मार्सेला नावाच्या श्रीमंत विधवेचे घर होते. तेथे काही खानदानी बायका जमून शास्त्राचा अभ्यास करीत. ३८२ साली जेरोम हा मोठा पंडित रोमला आला आणि पोप दमाससचा चिटणीस झाला. मार्सेलेने त्याला गाठले आणि प्रश्न विचारून विचारून अगदी भंडावून सोडले. पोप वारल्यावर रोमकरांचे आणि जेरोमचे फाटले. ३८५ साली त्याने ते शहर सोडले आणि पुढल्या वर्षी तो बेथलेहेमला स्थायिक झाला. शिष्यांपैकी पाउला आणि तिची मुलगी त्याच्यामागोमाग तिकडे गेल्या. स्तोत्रे मूळ भाषेत म्हणता यावीत म्हणून पाउला हिब्रू शिकली. मार्सेला मात्र रोममध्येच राहिली. मग प्रश्न जहाजाने जाऊ लागले, उत्तरे जहाजाने येऊ लागली.

मार्सेलेची पत्रे कोणी जपून ठेवली नाहीत. जेरोमची उत्तरे मात्र आज वाचायला मिळतात. तिच्या मृत्यूनंतर जेरोमने तिच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यांत तो सांगतो की, मी रोम सोडल्यावर शास्त्रार्थाबद्दल वाद निघाला की लोक निवाड्यासाठी मार्सेलेकडे जात. आणि ती उत्तर देई ते स्वतःचे म्हणून नव्हे, तर जेरोमचे किंवा आणखी कोणाचे म्हणून देई. पुरुषांना, त्यातून धर्मगुरूंना, कमीपणा वाटू नये हा त्यातला हेतू! घरात आपले म्हणणे सासऱ्यांच्या तोंडून वदवून घेणाऱ्या सुना आपण पाहिल्या आहेत. तेव्हा यात नवल वाटण्यासारखे काही नाही. त्याच जेरोमने लेटा नावाच्या आईला, तिच्या तान्ह्या मुलीला कसे शिकवावे, याचे सविस्तर पत्र लिहिले. लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून तिला खेळायला द्यावीत, म्हणजे खेळता खेळता ती वाचायला शिकेल, असे त्यात सांगितले आहे. आपल्या बालवाड्यांतले अक्षरांचे ठोकळे सोळाशे वर्षांपूर्वी बेथलेहेमहून टपालाने निघाले होते म्हणायचे!

पण टपाल म्हटले की घोळही आलेच. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरातून ऑगस्टीनने जेरोमला पहिले शास्त्रीय पत्र लिहिले ते ३९५च्या सुमारास. ते घेऊन जाणारा गृहस्थ निघण्यापूर्वीच बिशप नेमला गेला आणि थोड्याच दिवसांत वारला. पत्र गेलेच नाही. दुसरे पत्र धाडले, तर ते नेणारा बेथलेहेमपर्यंत पोचलाच नाही. उलट पत्राच्या नकला रोममध्ये हातोहात फिरू लागल्या. ऑगस्टीनने आपल्याविरुद्ध ग्रंथ लिहून रोमला पाठवला अशी कंडी जेरोमच्या कानी गेली, आणि म्हातारा असा संतापला की पुढली काही पत्रे नुसती समजूत घालण्यात खर्ची पडली.

या दोघांच्या पत्रव्यवहारातले एक पत्र मात्र मी विसरू शकत नाही. साल ४१५. ऑगस्टीनने साठी ओलांडलेली, जेरोम त्याहून थकलेला. ओरोसियस नावाच्या तरुण स्पॅनिश धर्मगुरूच्या हाती ऑगस्टीन एक लांबलचक पत्र देतो. प्रश्न आत्म्याच्या उत्पत्तीचा आहे. पण त्याच्या पोटात दुसराच काटा सलतो आहे. माणूस आदामाचा दोष घेऊन जन्माला येतो आणि बाप्तिस्म्यावाचून तो धुतला जात नाही, हे मत ऑगस्टीननेच हिरिरीने मांडलेले. मग बाप्तिस्मा होण्यापूर्वीच जे तान्हे मूल मरते त्याचे काय? त्याने स्वतः तर काही केलेले नाही. देव न्यायी आहे, आणि तरी ते मूल दंडाला पात्र ठरते, हे जुळवायचे कसे? आपण या ठिकाणी फार अडचणीत सापडतो, मला शिकवा, असे तो आपल्याहून ज्येष्ठ पंडिताला लिहितो. पश्चिमेकडचा सर्वांत मोठा धर्मचिंतक विद्यार्थी होऊन पत्र पाठवतो आहे!

या पत्राला उत्तर आले नाही. म्हणजे पोच आली, स्तुती आली. पण दिवस वाईट आहेत, बोलण्यापेक्षा गप्प बसणे बरे, अशा अर्थाचे काहीसे लिहून जेरोमने मूळ प्रश्न तसाच ठेवला. जेरोम आज ना उद्या लिहील म्हणून ऑगस्टीनने ते पत्र प्रसिद्ध केले नाही. ४२० साली जेरोम वारला. त्यानंतरच ते लोकांच्या हाती गेले. प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी या विद्येभोवती भिंती कशा उभ्या राहिल्या ते पाहिले पाहिजे.

बाराव्या-तेराव्या शतकांत पॅरिसला विद्यापीठ उभे राहिले आणि ईश्वरशास्त्र ही तिथली सर्वांत मानाची विद्या ठरली. १२१५ साली पोपचा प्रतिनिधी रॉबर्ट द कूर्सों याने नियम घालून दिले: ज्याचा निदान आठ वर्षे अभ्यास झाला नाही आणि ज्याला पस्तीस वर्षे पूर्ण झाली नाहीत, त्याने ईश्वरशास्त्र शिकवू नये. नियम वाईट नव्हता; ज्या विषयात चुकीचा शब्द जीवावर बेतू शकत होता तिथे सावधगिरी हवीच. पण विद्या पत्रांतून निघून वर्गात गेली, आणि वर्गाच्या बाकावर स्त्रीला जागा नव्हती. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी ठराव केला की प्रत्येक धर्मप्रांतात मुलांसाठी गुरुविद्यालय काढावे. मुलगा निदान बारा वर्षांचा असावा, लिहिता-वाचता येणारा असावा, आणि गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे. हाही ठराव आपल्या परीने फार मोठा होता. त्याआधी कित्येक गावांतल्या धर्मगुरूंना धड लॅटिनही येत नसे. गरिबाच्या पोराला विद्या मिळाली, धर्मगुरू शहाणे झाले. मात्र ‘ईश्वरशास्त्र शिकणारा’ म्हणजे ‘पाद्री होणारा’ असे समीकरण त्यातून पक्के झाले. शेतकरी, वकील, सुईण, आई यांना प्रश्न पडत नव्हते असे नाही. प्रश्न विचारायचे कुठे, एवढेच राहिले नव्हते.

भिंतीबाहेरचे लोक अर्थात गप्प बसले नाहीत. सिएना गावच्या रंगाऱ्याची मुलगी कॅथरीन हिला शाळा माहीत नव्हती. पण तिने सांगून लिहवलेली सुमारे तीनशे ऐंशी पत्रे आज उपलब्ध आहेत. राजांना, सरदारांना, कैद्यांना आणि खुद्द पोपना. फ्रान्समध्ये आविन्यों येथे जाऊन बसलेल्या पोपने रोमला परतावे म्हणून तिने अकराव्या ग्रेगरीला जी पत्रे धाडली ती वाचताना वडीलधाऱ्याला दटावणाऱ्या धाकट्या मुलीची आठवण येते. १३७७च्या जानेवारीत पोप रोमला परतला. १३८० साली कॅथरीन वारली तेव्हा तिचे वय अवघे तेहेतीस होते.

आपल्याकडेही ही भिंत ओलांडली गेली, आणि ती मराठीने ओलांडली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५४९ साली जन्मला. इंग्लंडात तेव्हा कॅथलिक पंथावर बंदी आली होती. आपल्या धर्माचे शास्त्र शिकायला त्याला घर सोडून रोमला जावे लागले. तेथून तो १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यास पोचला आणि पुढली चाळीस वर्षे इकडेच राहिला. साष्टीतले नवे ख्रिस्ती लोक पूर्वीच्या पुराणश्रवणाला मुकले होते. आम्हांला आमच्या भाषेत पुराण का नाही, असे एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला विचारतो, असा प्रसंग स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने एतद्देशीय भाषेवर बंदीचे फर्मान काढले. तरी पुराणाच्या हस्तलिखित प्रती घरोघर टिकल्या आणि वाचल्या जात राहिल्या. १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते पुण्याहून देवनागरीत आणले. ज्याला राचोलच्या गुरुविद्यालयाची पायरी चढायची सोय नव्हती त्या साष्टीकराला आणि मंगळूरकराला हे शास्त्र ओव्यांतून घरी मिळाले. गीतेचा अर्थ संस्कृताच्या कुलुपातून काढून मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांच्या भूमीला हे तंत्र नवीन वाटले नसेल.

आता पुन्हा टपालाकडे वळू. इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीचे टपाल सुरू झाले, आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमनने आपल्या लघुलिपीचे धडे टपालाने शिकवायला आरंभ केला. विद्यार्थ्यांनी बायबलातले उतारे लघुलिपीत उतरवून पाठवावेत आणि त्याने ते तपासून परत करावेत, अशी पद्धत होती. १८५८ साली लंडन विद्यापीठाने, आमच्या वर्गात न बसता कोणीही परीक्षा द्यावी, अशी मुभा दिली. १८७८ साली स्त्रियांनाही पदव्या खुल्या केल्या. ज्ञानाची दारे अशी एकेक उघडत असताना कॅथलिक ईश्वरशास्त्राचे दार मात्र बंदच होते. धर्मकारणात सामान्य माणसांचा कौल विचारात घ्यावा असे जॉन हेन्री न्यूमनने १८५९ साली लिहिले आणि रोममध्ये भुवया उंचावल्या. १८६७ साली टॅलबट नावाच्या एका इंग्रज धर्माधिकाऱ्याने रोमहून लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. सामान्य गृहस्थांचे काम काय? तर शिकार करावी, बंदुका उडवाव्यात, पाहुण्यांची सरबराई करावी; धर्माच्या कारभारात लुडबुड करायचा त्यांना अधिकार नाही, असा त्याचा आशय. शिकार न परवडणाऱ्यांनी काय करावे, हे मात्र त्याने लिहिले नाही.

बायकांची स्थिती तर याहून कठीण. विसाव्या शतकाच्या चाळिशीतही अमेरिकेतल्या धर्मभगिनी शाळांतून धर्म शिकवीत, पण ईश्वरशास्त्राची उच्च पदवी घ्यायला त्यांना कोणी दारात उभे करीत नसे. सिस्टर मॅडेलेव्हा वुल्फ या इंडियाना राज्यातल्या सेंट मेरीज कॉलेजच्या अध्यक्ष होत्या. ठिकठिकाणी विचारून झाले, नकार आले. तेव्हा त्यांनी १९४३ साली आपल्याच कॉलेजात स्त्रियांसाठी ईश्वरशास्त्राचे पदव्युत्तर विद्यालय काढले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत मिळून, तेवीस स्त्रियांना श्रोत्या म्हणून बसू दिले गेले. त्याच परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मंजूर केलेल्या दस्तऐवजात अशी इच्छा प्रकट केली की पाद्री नसलेल्या पुष्कळ लोकांनीही या शास्त्राचे रीतसर शिक्षण घ्यावे आणि काहींनी तर त्यालाच वाहून घ्यावे. पाचच वर्षांनी, १९७० साली, रोमने प्रथमच दोन स्त्रियांना चर्चच्या आचार्यपदाचा मान दिला: एक आव्हिलाची तेरेसा, आणि दुसरी तीच, शाळा न पाहिलेली, पत्रे लिहवणारी कॅथरीन. पत्रांना पदवी मिळाली ती जवळजवळ सहाशे वर्षांनी!

त्यानंतर दूरशिक्षणाला फारसा वेळ लागला नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. बर्मिंगहॅममध्ये ज्या वास्तूत कॅथलिक झाल्यानंतर न्यूमन काही काळ राहिला आणि जिला त्यानेच ‘मेरीव्हेल’ हे नाव दिले, तिथे १९८० साली एक संस्था सुरू झाली आणि घरी बसून हे शास्त्र शिकवण्यात तिने नाव मिळवले. रोमचे मात्र सारेच सावकाश. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१७मध्ये चर्चच्या विद्यापीठांसाठी जी नियमावली काढली तिच्यात अभ्यासक्रमाचा काही भाग दूरशिक्षणाने देण्याची मोकळीक आहे. आणि महामारीच्या काळात, २०२१ साली, त्याबद्दल स्वतंत्र सूचनापत्र निघाले. काही भाग, सगळा नव्हे. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता माझ्या विद्यार्थिनीकडे येतो. पुण्याला नगर रस्त्यावर ईश्वरशास्त्राचे मोठे विद्यापीठ आहे. १८९३ साली कँडीला स्थापन झालेले गुरुविद्यालय १९५५ साली तिकडे हलवले, त्याचाच हा विस्तार. पण तिला घर सोडून पुण्याला राहणे शक्य नव्हते. शाळा, दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेली आई. दूरशिक्षणाने तिला जे दिले ते एवढेच की भांडी घासून झाल्यावर रात्री दहा ते बारा हे दोन तास विद्यापीठ झाले. पुस्तिका येत, त्यांबरहुकूम वाचन करायचे, दर विषयाला तीन-चार हजार शब्दांचा निबंध लिहायचा. तो इंग्लंडमधल्या शिक्षकाकडे जाई आणि शेरे घेऊन परत येई. शेवटी प्रबंध. पाद्री होणे नाही, पगारवाढ नाही. मग एवढी यातायात कशाला, असे मी तिला एकदा विचारले.

“सर, आईसाठी,” ती म्हणाली.

तिच्या आईचे पहिले मूल जन्मल्यावर काही तासांतच गेले. बाप्तिस्मा झाला नव्हता. १९१७च्या चर्चच्या कायद्यानुसार बाप्तिस्मा न झालेल्याला धार्मिक अंत्यविधी नव्हता. मूल दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरले गेले. कोणीतरी आईला सांगितले की ते लिंबोत गेले, त्याला देवाचे दर्शन कधीच व्हायचे नाही, आणि तुझी-त्याची भेटही व्हायची नाही. पुढे चार मुले झाली, वाढली, संसाराला लागली. पण पन्नास वर्षे ती बाई दर नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, मेणबत्ती लावायला कुंपणाबाहेर जाई. अंथरुणाला खिळल्यावर लेकीला विचारू लागली, “बाळ कुठे असेल गं?”

वाचकांच्या ध्यानात आले असेल. हिप्पोहून बेथलेहेमला गेलेले, उत्तर न मिळालेले ते पत्र वसईच्या एका खोलीत येऊन पोचले होते.

मुलीने प्रबंधाला हाच विषय घेतला. ऑगस्टीनने अशा मुलांना दंड सांगितला, जरी तो अगदी सौम्य म्हटला तरी. मध्ययुगातल्या पंडितांना तेवढाही कठोर वाटला. त्यांनी लिंबो कल्पिले. या लॅटिन शब्दाचा अर्थ काठ, वस्त्राची किनार. तिथे दुःख नाही, नैसर्गिक सुख आहे, पण देवदर्शन नाही, असे अक्वायनसच्या काळापर्यंत ठरत आले. दयेपोटी निघालेली ही कल्पना गावोगावच्या आयांच्या काळजात सुरी होऊन बसली. १९८३च्या नव्या कायद्याने अशा मुलांना, आईबापांची बाप्तिस्म्याची इच्छा असल्यास, धार्मिक अंत्यविधीची परवानगी दिली. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथाने त्यांना देवाच्या दयेवर सोपवले. आणि २००७च्या एप्रिलमध्ये ईश्वरशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने एक दीर्घ अहवाल प्रसिद्ध केला. लिंबो हा श्रद्धेचा सिद्धान्त कधीच नव्हता, ते एक मत होते. आणि या मुलांचा उद्धार होतो अशी आशा बाळगायला भरपूर आधार आहेत, असा त्याचा निष्कर्ष.

तिने प्रबंधाचा पहिला खर्डा भरभरून लिहिला होता. शिक्षकाचा शेरा आला: आशा आणि खात्री यांत फरक करा. आयोगाने आशेला आधार आहेत असे म्हटले आहे. निश्चित ज्ञान आहे असे म्हटलेले नाही. ती रडकुंडीला आली. आईला खात्री हवी होती. मला वाटते, दूरशिक्षण म्हणजे काय ते मला त्या शेऱ्यात कळले. हजारो मैलांवरच्या, जिला कधी पाहिले नाही अशा विद्यार्थिनीला तिच्या हुंदक्यासह वाचून कोणीतरी सत्याला धरून राहा असे सांगतो, आणि ती त्याचे ऐकते. तिने खर्डा पुन्हा लिहिला, आणि त्याचा सारांश मराठीत करून आईला वाचून दाखवला. आशेला आशाच म्हटले.

म्हातारी पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही. मग पन्नास वर्षं ठाऊक असल्यासारखं का सांगत होते?” याचे उत्तर कोणत्याच पुस्तिकेत नव्हते. थोड्या वेळाने तिने त्या बाळाचे नाव सांगितले. ते तिने ठेवले होते, आणि तोवर नवऱ्यालाही सांगितले नव्हते.

या शिक्षणात उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. हे शास्त्र एकट्याने शिकायचे नव्हे. प्रार्थना, वादविवाद, एका पंक्तीतले जेवण यांतून ते मुरते, आणि एकट्या विद्यार्थ्याला आपल्याच मताचा फुगा होण्याचे भय असते. रोमने ‘काही भाग’ म्हटले ते उगाच नव्हे. चांगल्या संस्था वर्षाकाठी विद्यार्थ्यांना चार दिवस एकत्र बोलावतात तेही याचसाठी. पण सर्व पंडित एका भिंतीआड जमले आणि ज्यांच्या घरी मूल मरते ते सगळे भिंतीबाहेर राहिले, तर काय होते तेही आपण पाहिले. प्रश्न आणि पंडित यांची गाठ पडायला त्या बाबतीत सोळा शतके लागली.

प्रबंध मान्य झाला. आई त्यानंतर सहा-सात महिने होती. आता गावातल्या आणि आसपासच्या बायका माझ्या विद्यार्थिनीकडे येतात. कोणाचे मूल असेच गेलेले असते, कोणाच्या भावाने जीव दिलेला असतो. तिला जे ठाऊक असते ते ती सांगते, आणि जे ठाऊक नसते ते लिहून विचारते. पूर्वी ती माझ्याकडे प्रकरणे धाडी. आता कधीमधी नुसता एखादा प्रश्न धाडते. गेल्या आठवड्यात आलेला अजून माझ्या मेजावर आहे. उत्तर मला सुचलेले नाही. पण पत्र पोचले, एवढे तरी तिला आजच कळवले पाहिजे.